मासे खाल्ल्यावर अंगावर पित्त उठलं तर: दोष माशाचा की त्यातल्या अळीचा, हे क्रमाने कसं शोधायचं

बांगडा खाल्ला आणि रात्री अंगभर गांधी उठल्या. यापुढचं सगळं आपल्याकडे ठरलेलं असतं. आमसुलाचं पाणी चोळायचं, ‘पित्ताची गोळी’ घ्यायची, उरलेलं कालवण ओतून द्यायचं आणि सकाळी जाहीर करायचं, की मला आता मासे चालत नाहीत. महिन्याभराने कुणाच्या तरी सांगण्यावरून शंभर पदार्थांची रक्ततपासणी होते. तिच्यात धूळ, झुरळ, कोळंबी असं काहीबाही निघतं आणि माणूस कायमची मासळी सोडतो. काहींच्या बाबतीत उलट होतं. तपासणीत काहीच निघत नाही, म्हणून ते निर्धास्तपणे पुन्हा तेच खातात आणि दुसऱ्या खेपेला थेट आयसीयूत पोचतात.

चूक बहुतेक वेळा क्रमात असते. जे पहिल्या चार तासांत करायचं ते महिन्याने केलं जातं, जे सहा आठवड्यांनी करायचं ते दुसऱ्या दिवशी, आणि जे फ्रीझरमध्ये जपून ठेवायचं ते कचऱ्यात जातं. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या.

सुरुवातीआधी: तीन संशयित

मासे खाऊन पित्त उठण्याची मुख्य कारणं तीन. पहिलं, माशाच्याच प्रथिनाची ॲलर्जी (कोळंबी-खेकड्यांची असेल तर तिचं प्रथिन वेगळं). दुसरं, मासा नीट गार न ठेवल्यामुळे त्यात तयार झालेलं हिस्टामिन. ही ॲलर्जी नव्हे, विषबाधा आहे. तिसरं म्हणजे माशातल्या परजीवी कृमीची ॲलर्जी. या लेखाचा विषय हे तिसरं कारण आहे.

कृमीचं नाव अनिसाकिस. त्याचे प्रौढ जंत देवमासे, डॉल्फिन, सील अशा प्राण्यांच्या जठरात राहतात. अंडी विष्ठेतून समुद्रात पडतात, अळ्या कोळंबीसारख्या बारीक जीवांच्या पोटात जातात आणि तिथून मासे व माकूल यांच्यात शिरतात. कच्च्या किंवा अर्धकच्च्या माशातून त्या आपल्या पोटात येतात. माणसाच्या पोटात अळीची वाढ पूर्ण होत नाही, ती काही दिवसांत-आठवड्यांत मरते. पण तेवढ्यात ती जठराच्या भिंतीत तोंड खुपसते, आणि तिच्या प्रथिनांविरुद्ध शरीराने प्रतिपिंडं तयार केली असतील, तर अंगावर पित्त उठण्यापासून श्वास कोंडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. स्पेन आणि जपानमध्ये हे दुखणं डॉक्टरांच्या रोजच्या ओळखीचं आहे, कारण तिथे व्हिनेगरमधले अँकोव्ही (छोटे समुद्री मासे) आणि कच्चा बांगडावर्गीय मासा सर्रास खातात.

आपल्या कालवणात मासा रटरट शिजतो, त्यामुळे जिवंत अळी पोटात जाण्याचा संभव कमी. म्हणून घरचे शिजवलेले मासे खाऊन पित्त उठलं, तर मी संशय या क्रमाने घेईन: आधी शिळावलेल्या बांगड्यातलं हिस्टामिन, मग कोळंबी किंवा मासा, मग अळी. सुशी, सेविचे (लिंबात मुरवलेला कच्चा मासा), व्हिनेगरमधला मासा किंवा आत कच्ची राहिलेली तवा-तुकडी खाल्ली असेल, तर अळीला पहिल्या नंबरवर आणा.

टप्पा १: त्या रात्री

नुसत्या गांधी आहेत की आणखी काही, हे आधी पाहा. घसा आवळणं, आवाज बदलणं, धाप, छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, गांधींबरोबर पुन्हा पुन्हा उलटी, यातलं एक जरी असलं तरी हे घरी बघण्याचं काम राहिलेलं नाही. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ लावा. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा. धाप लागली असेल तर बसू द्या. उठवून जिना उतरवत रिक्षापर्यंत चालवत नेऊ नका. उभं राहताच रक्तदाब कोसळून माणूस तिथल्या तिथे कोसळू शकतो.

या अवस्थेतलं पहिलं औषध म्हणजे ॲड्रिनलिन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत देतात. सेटिरिझिनची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. गोळीने खाज शमते, आवळलेला घसा उघडत नाही.

> इशारा: ‘पित्ताची गोळी द्या’ म्हटलं की औषधाच्या दुकानात बहुधा आम्लपित्ताची गोळी हातात पडते, पँटोप्राझोल वगैरे. अंगावरच्या पित्ताला तिचा काही उपयोग नाही. ‘ॲलर्जीची गोळी, सेटिरिझिन’ असं स्पष्ट सांगा. आमसुलाच्या पाण्याने कातडीला गार वाटतं, त्याला हरकत नाही, पण त्यापायी अर्धा तास घालवू नका.

बरं वाटल्यावरही काही तास दवाखान्यातच थांबा. झटका ओसरून पुन्हा उलटू शकतो.

तिथे असताना दोन गोष्टी तोंडाने सांगाव्या लागतात, कारण गर्दीत त्या कुणी विचारेलच असं नाही.

एक: ‘रक्तातलं ट्रिप्टेज बघता येईल का?’ ॲलर्जीच्या झटक्यात शरीराच्या पेशींतून सुटणारा हा पदार्थ. झटका सुरू झाल्यापासून एक-दोन तासांत, फार तर चार तासांत रक्त घेतलं तर त्याचा अर्थ लागतो. तुलनेसाठी दुसरा नमुना पूर्ण बरं वाटल्यानंतर किमान २४ तासांनी घ्यावा लागतो. दोन्हींत ठळक फरक असेल तर झटका ॲलर्जीचा होता याला बळकटी मिळते. हिस्टामिनच्या विषबाधेत ट्रिप्टेज वाढत नाही. हा नमुना त्या रात्री हुकला की कायमचा हुकला.

दोन: ‘मी कच्चा मासा खाल्लाय.’ हे इतकं साधं वाक्य लोक गिळतात. आमच्या नात्यातला एक जण, मूळचा वेंगुर्ल्याचा, योकोहामात नोकरीला आहे. रात्री आठला शिमे साबा खाल्ला, म्हणजे मीठ आणि व्हिनेगर लावून मुरवलेला कच्चा बांगडावर्गीय मासा. दोनला जाग आली ती पोटात पीळ पडून, आणि पट्टा बसतो तिथे कमरेभोवती गांधींची माळ. दवाखान्यात जाऊन हा म्हणाला, ‘मासे खाल्ले, पोट बिघडलंय.’ लहानपणापासून मासेच खात आलेल्या माणसाला तो मासा कच्चा होता हे सांगण्याजोगं वाटलंच नाही. ॲसिडिटीचं औषध घेऊन घरी आला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनी नेमका प्रश्न विचारला, एंडोस्कोपी केली आणि पडद्यावर त्याने स्वतः पाहिलं: गुलाबी भिंतीत एक टोक रोवून वळवळणारी पांढरी दोऱ्यासारखी अळी. चिमट्याने ओढून काढली आणि पोटातला पीळ गेला.

पोट जोरात दुखत असेल आणि गेल्या बारा-चोवीस तासांत कच्चा मासा खाल्ला असेल, तर एंडोस्कोपीचा विषय त्याच दिवशी काढा. जंताची अल्बेंडाझोलची गोळी मनानेच घेऊ नका. तिने ॲलर्जीचा झटका थांबत नाही.

टप्पा २: पहिल्या चोवीस तासांची नोंद

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि मग तज्ज्ञासमोर बसून ‘बहुतेक बांगडाच होता’ अशी उत्तरं देतात. मोबाइलमध्ये लिहून ठेवा:

१. कोणता मासा, कुठून आणला, किती वाजता आणला, फ्रिजमध्ये कधी गेला.
२. कसा खाल्ला: कच्चा, व्हिनेगर-लिंबातला, तव्यावरचा, कालवणातला.
३. शेवटचा घास किती वाजता आणि पहिली खाज किती वाजता. मिनिटांचा अंदाज चालेल, ‘रात्री’ एवढंच चालणार नाही.
४. ताटात आणखी काय होतं. कोळंबी, माकूल, तिसऱ्या वेगवेगळ्या लिहा. ‘सी-फूड’ असं एकत्र लिहू नका.
५. त्या दिवशी दारू, वेदनाशामक गोळी किंवा भरपूर व्यायाम झाला होता का. या तिन्हींमुळे एरवी न उठणारी ॲलर्जी उठू शकते.
६. त्याच भांड्यातलं आणखी कुणी खाल्लं आणि त्यांना काय झालं.

गांधींचे फोटो काढा. सकाळपर्यंत त्या विरून जातात आणि डॉक्टरांसमोर कोरी कातडी उरते.

आणि मासा टाकू नका. उरलेली कच्ची तुकडी असेल तर ती, नसेल तर शिजवलेली, पिशवीत घालून, तारीख लिहून फ्रीझरमध्ये ठेवा. हिस्टामिन गोठवल्याने जात नाही, म्हणजे नंतरही ते मोजता येतं. अळी असेल तर तीही दिसते. शिवाय ॲलर्जीतज्ज्ञ कधी कधी त्याच माशाने कातडीवर चाचणी घेतात.

> तपासा: पिशवीवर ‘खायचं नाही’ असं मोठ्या अक्षरात लिहिलंय का? हा विनोद नव्हे. दोन आठवड्यांनी घरातलंच कुणीतरी तिचं तिखलं करतं.

टप्पा ३: नोंदीवरून संशयित वेगळे करणं

आता वही समोर घ्या.

हिस्टामिन असेल तर बहुधा दहा मिनिटं ते तासाभरात चेहरा-मान लालबुंद होते, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं. काहींना खातानाच जिभेवर मिरीसारखी चुणचुण जाणवते. एकाच पातेल्यातलं खाणाऱ्या दोघा-तिघांना कमी-जास्त त्रास होतो. बांगडा, तारली, कुपा हे यातले नेहमीचे मासे, कारण त्यांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं आणि मासा गरम राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. एकदा तयार झालं की शिजवूनही ते जात नाही. पुढच्या वेळी ताजा, बर्फातला बांगडा खाल्ला तर काही होत नाही.

माशाची ॲलर्जी असेल तर त्रास बहुधा मिनिटांत, फार तर दोनेक तासांत सुरू होतो आणि तो मासा खाल्ला की दर वेळी होतो. तीनदा खाल्ला, एकदाच झालं, असं तिच्यात सहसा नसतं.

अळीचं लक्षण नेमकं या लहरीपणात आहे. वर्षानुवर्षं मासे खाणारा मोठा माणूस. गेल्या महिन्यात तोच मासा पचला, काल नाही. पंगतीत त्रास फक्त यालाच. अळी एखाद्याच माशात असते, आणि त्या माशाच्याही एखाद्याच तुकडीत. वेळही लांबते. काही तासांनी, कधी मध्यरात्री, क्वचित चोवीस तासांपर्यंत. पोटदुखी असेलच असं नाही; कच्चा घास पोटात गेला होता का, हे कळल्याशिवाय निम्मी हकिकत हाती लागत नाही. जपानमध्ये ‘बांगडा खाल्ला की पित्त उठतं’ म्हणणाऱ्या रुग्णांच्या तपासण्या झाल्या, त्यांत बहुतेकांची प्रतिक्रिया बांगड्याला नव्हे तर अनिसाकिसला निघाली. ते निरीक्षण १९९० सालचं आहे, आणि आपल्याकडे अजून ‘बांगडा उष्ण’ यावर भागतं.

टप्पा ४: तपासणीची तयारी

ॲलर्जीतज्ज्ञाची वेळ घटनेनंतर चार ते सहा आठवड्यांची घ्या. झटक्यानंतर लगेच केलेली चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते, आणि अनिसाकिसविरुद्धची प्रतिपिंडं पहिल्या महिन्यात वाढत जातात. लगेच केलेली चाचणी नकारात्मक आली असेल तर महिन्याभराने पुन्हा करा.

कातडीवर टोचून करायच्या चाचणीआधी ॲलर्जीच्या गोळ्या साधारण आठवडाभर बंद असाव्या लागतात. सर्दी-खोकल्याच्या औषधांतही बहुतेकदा तोच घटक दडलेला असतो. सगळी पाकिटं घेऊन जा आणि कोणतं बंद करायचं हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. रक्ताच्या चाचणीला गोळ्या बंद करण्याची गरज नसते.

काय मागायचं ते नावानिशी मागा: अनिसाकिसचं स्पेसिफिक आयजीई, म्हणजे ॲलर्जीची प्रतिपिंडं (इम्युनोकॅप या रक्तचाचणीच्या यादीत त्याचा संकेत पी-४), आपण खाल्लेल्या माशाचं आयजीई, कोळंबीचं आयजीई आणि धुळीतल्या माइटचं (डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याचं) आयजीई. अनिसाकिस नेहमीच्या फूड पॅनेलमध्ये बहुधा नसतो, कारण तो मुळात पदार्थच नाही. त्यामुळे ‘सगळ्या खाण्याच्या टेस्ट केल्या, नॉर्मल आहेत’ याचा अर्थ अळी तपासली असा होत नाही.

> इशारा: ‘फूड इन्टॉलरन्स’च्या नावाखाली विकलं जाणारं आयजीजी पॅनेल करू नका. आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाल्ला होता याची खूण, ॲलर्जीचा पुरावा नव्हे. पैसे जातात आणि सोबत आणलेल्या कागदावर दूध, गहू, टोमॅटोही वर्ज्य होतात.

टप्पा ५: रिपोर्ट वाचणं

इथे खरी गफलत होते, म्हणून थोडं थांबून वाचा.

अनिसाकिसचं आयजीई ०.३५ च्या वर आलं की रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ छापून येतं. त्याचा अर्थ एवढाच, की तुमच्या रक्तात या प्रथिनांना चिकटणारी प्रतिपिंडं आहेत. ती अनिसाकिसमुळेच झालीत असं नाही. या अळीतलं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन माइट, झुरळ आणि कोळंबीतल्या ट्रोपोमायोसिनशी मिळतंजुळतं आहे. मुंबईच्या दमट घरात गादीतल्या माइटला सरावलेल्या माणसाचं अनिसाकिसचं आयजीई त्यापायीही वर दिसू शकतं. पोटात गोल जंत होऊन गेले असतील तरी तसंच. स्पेनमध्ये कधीही त्रास न झालेल्या धडधाकट लोकांतही हे आयजीई पॉझिटिव्ह निघतं.

म्हणून तीन गोष्टी जुळल्याशिवाय अळीवर शिक्का मारू नका. घटना तशी घडलेली हवी (कच्चा किंवा अर्धकच्चा सागरी मासा आणि नंतरचे तास), अनिसाकिसचं आयजीई किंवा कातडीची चाचणी पॉझिटिव्ह हवी, आणि त्या माशाची चाचणी नकारात्मक हवी.

गोंधळ उरलाच तर अळीच्या सुट्या प्रथिनांची चाचणी असते. ‘ॲनि एस १’ पॉझिटिव्ह असेल तर बोट अनिसाकिसकडेच जातं. फक्त ‘ॲनि एस ३’ पॉझिटिव्ह असेल तर ते ट्रोपोमायोसिन आहे. माइट किंवा कोळंबीकडे पाहा. आकडा मोठा म्हणजे झटका मोठा, असं गणित यात नाही. आकडा काळानुसार खालीही येतो.

टप्पा ६: स्वयंपाकघर

हा टप्पा ॲलर्जी नसलेल्यांसाठीही आहे, कारण ॲलर्जीची सुरुवात बहुधा जिवंत अळी पोटात गेल्यानेच होते. अरबी समुद्रातल्या माशांतही या कुळातल्या अळ्या सापडलेल्या आहेत.

६.१ आधी पोट, मग बाकी सगळं. मासा मेल्यावर, विशेषतः गार ठेवला नाही तर, आतड्यांभोवतीच्या अळ्या मांसाकडे सरकू शकतात. तेव्हा बाजारातून आणलेला बांगडा तसाच फ्रिजमध्ये टाकून ‘संध्याकाळी साफ करू’ म्हणू नका. कल्ल्यांखालून पोटाची चीर द्या, आतडी-यकृत एका ओढीत काढा आणि आतला काळसर पातळ पडदा खरवडण्याआधी चांगल्या उजेडात नुसतं पाहा. अळी शोधायला भिंग लागत नाही. दोन-तीन सेंटिमीटर लांब, शेवयाच्या तुटक्या तुकड्याएवढी बारीक, पांढरट आणि घड्याळाच्या स्प्रिंगसारखी वेटोळं घातलेली. बऱ्याचदा ती यकृतावर किंवा गाबोळीच्या आवरणावर चिकटलेली असते, कधी पोटाच्या भिंतीत रुतलेली. सुरीच्या टोकाने डिवचली तर सावकाश उलगडते. पोटाकडचा पातळ भाग कापून टाकला तर बरंचसं काम होतं. जाड तुकडीखाली मोबाइलची टॉर्च धरली तर आतली काही वेटोळी दिसतात, सगळी दिसत नाहीत.

६.२ गोठवणं. युरोपीय संघाचा नियम असा: कच्चा किंवा जवळपास कच्चा खायचा मासा मध्यापर्यंत उणे २० अंशांवर किमान २४ तास, किंवा उणे ३५ अंशांवर किमान १५ तास ठेवावा. अमेरिकेचा अन्न व औषध विभाग उणे २० अंशांसाठी सात दिवस सांगतो. पहिला आकडा कारखान्यातल्या यंत्रांसाठी आहे, तो घरच्या फ्रीझरला लावू नका. घरी सात दिवस धरा, तेही फ्रीझर खरोखर उणे २० ला पोचत असेल तरच. सिंगल-डोअर फ्रिजच्या वरच्या कप्प्यावर एक किंवा दोन तारे असतात, म्हणजे उणे ६ किंवा उणे १२. तो कप्पा या कामाला बाद.

> तपासा: तुमच्या फ्रीझरमध्ये आइस्क्रीम चमच्याने लगेच निघतं का? मग तो पुरेसा थंड नाही. नीट बघायचं तर फ्रीझर-थर्मामीटर रात्रभर दोन गोठलेल्या पाकिटांच्या मध्ये ठेवा. मध्ये वीज गेली आणि मासा सैल पडला, तर दिवस पुन्हा एकपासून मोजा.

अख्खा मासा गोठवू नका. साफ करून, तुकड्या करून, एकेरी थरात ठेवा. मोठ्या माशाचा गाभा गोठायलाच बराच वेळ जातो आणि आपण दिवस मोजतो ते फ्रीझरचं दार लावल्यापासून.

६.३ शिजवणं. तुकडीच्या मध्यभागी ६० अंश, किमान एक मिनिट. कालवणात हे आपोआप होतं. फसतं ते तव्यावर. रवा लावलेली बोटभर जाडीची सुरमईची तुकडी बाहेरून खरपूस होते तेव्हा काट्याजवळचं मांस अजून काचेसारखं असू शकतं. पाठीतून चिरून रेशाद मसाला भरलेल्या बांगड्यात मसाल्याचा थर उष्णता अडवतो, म्हणून तो मंद आचेवर झाकण ठेवून आधी आतून शिजवा, कुरकुरीतपणा शेवटी आणा. खूण अशी: मांस दुधाळ पांढरं, पाकळ्या सुट्या, मधला काटा ओढताच मोकळा, त्याच्या कडेला लाल-गुलाबी झाक नाही. मायक्रोवेव्हमध्ये उष्णता सगळीकडे सारखी पोचत नाही, तिथे फिरवून, झाकून, वर काही मिनिटं मुरू द्या.

६.४ जे चालत नाही. लिंबू, व्हिनेगर, वासाबी, दारू, तिखट, यांपैकी कशानेही खात्रीने अळी मरत नाही. व्हिनेगरमध्ये ती कित्येक दिवस जिवंत राहू शकते. म्हणूनच स्पेनने २००६ साली व्हिनेगरमधल्या अँकोव्हीसाठीही आधी गोठवण्याची सक्ती केली. लिंबात मुरलेल्या सेविचेचं मांस पांढरं दिसतं म्हणून शिजलं असं समजू नका. ‘सुशी-ग्रेड’ या शब्दालाही अमेरिकेत कायद्याची व्याख्या नाही.

> इशारा: वरचं सगळं अळी मारण्यासाठी आहे. ज्यांना अनिसाकिसची ॲलर्जी ठरलेली आहे, त्यांना मेलेली अळीसुद्धा काही वेळा त्रास देते. तिची काही प्रथिनं उकळीला आणि थंडीला दाद देत नाहीत; डबाबंद माशानेही त्रास झालेले रुग्ण आहेत. सुकट-बोंबिलासारख्या वाळवलेल्या माशात अळी मेलेली असेल, प्रथिनं गेलेली नसतात. आणि अळी चिमट्याने काढली तरी तिने मांसात सोडलेलं तिथेच राहतं.

६.५ साफ करणारे हात. मासे साफ करताना हाताला खाज, नाक गळणं, धाप लागत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. मासळी प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांत अनिसाकिसमुळे दमा आणि त्वचेचे विकार आढळले आहेत. ॲलर्जी असलेल्याने घरातलं साफ करण्याचं काम दुसऱ्यावर सोपवावं. किमान हातमोजे घालावेत.

टप्पा ७: पुन्हा मासे खाणं

निदान अळीचं झालं म्हणून मासळी संपली असं नाही. अळी पोटात जाऊन झटका आलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांना नीट गोठवलेला आणि शिजवलेला मासा चालतो, असा स्पेनमधल्या डॉक्टरांचा अनुभव आहे. पण तुम्ही त्या बहुतेकांपैकी आहात का, हे घरी करून बघायचं नसतं. ॲलर्जीतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, ॲड्रिनलिन हाताशी ठेवून, थोड्या थोड्या घासांनी ठरवायचं असतं. तोपर्यंत सागरी मासे आणि माकूल बंद.

होकार मिळाल्यावर निवड करताना:

रोहू-कटलासारख्या गोड्या पाण्यातल्या माशांत अनिसाकिस नसतो. कच्चे मात्र तेही खाऊ नका, त्यांचे परजीवी वेगळे आहेत. तिसऱ्या आणि शिंपल्या बहुतेकांना चालतात, पण कोळंबीची ॲलर्जी असेल तर आधी विचारून. कोरड्या खाद्यावर वाढवलेला शेतीतला अटलांटिक सॅल्मन युरोपच्या गोठवण्याच्या सक्तीतून वगळलेला आहे, कारण त्याच्या खाद्यात अळी नसते. इथे मेन्यूकार्डाचा सापळा आहे: आपल्याकडे ‘इंडियन सॅल्मन’ म्हणजे रावस. रावस सॅल्मन नव्हे, आणि बहुधा समुद्रातून पकडलेला असतो. ती सूट त्याला लागू नाही.

समुद्री मासा घेताना जहाजावरच आतडी काढून गोठवलेला पाहा, आणि शेपटीकडची तुकडी मागा.

क्वचित कोंबडीचाही प्रश्न येतो. मासळीच्या भुकटीवर वाढलेल्या कोंबडीचं मांस खाऊन त्रास झालेले अनिसाकिस-ॲलर्जीचे रुग्ण स्पेनमध्ये नोंदले गेले आहेत. मासे पूर्ण बंद असूनही पित्त उठत असेल तर हे डॉक्टरांच्या कानावर घाला. उगाच आधीपासून कोंबडी सोडू नका.

हॉटेलात कच्चा मासा मागवताना ‘ताजा आहे ना?’ असं विचारू नका. ताजा फडफडीत हा आपल्याकडे मासळीचा सर्वांत मोठा मान, पण कच्च्या खाण्यात न गोठवलेला ताजा मासाच धोक्याचा. प्रश्न असा विचारा: ‘हा आधी गोठवला होता का? किती अंशांवर, किती वेळ?’ वेटरला माहीत नसेल तर त्याला आत विचारायला लावा. आतूनही ‘एकदम फ्रेश आहे सर’ एवढंच उत्तर आलं, तर भाजीचं काहीतरी मागवा. ॲलर्जी ठरलेल्यांनी कच्चं कधीच मागवायचं नाही, उत्तर कितीही चांगलं आलं तरी.

पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: ॲलर्जी कशाची, शेवटचा झटका कधी आणि कसा, ॲड्रिनलिन लागलं होतं का, घरच्यांचा नंबर. परदेशात राहत असाल तर तिथल्या डॉक्टरांकडून ॲड्रिनलिनचा ऑटो-इंजेक्टर लिहून घ्या. भारतात तो सहज मिळत नाही, त्यामुळे पर्यायी सोय काय ठेवायची आणि घरातल्या कोणी ती वापरायला शिकायची, हे तज्ज्ञाकडे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. चिठ्ठी तिथल्या भाषेत असावी. भाषा येत नसेल तर निदान तो एक शब्द पाठ करा: टोकियोत काय, माद्रिदमध्ये काय, अळीला ‘अनिसाकिस’च म्हणतात.